जादूचं तारू, खरे तारे: कल्पित विश्वातला प्रवास बसवण्याआधी

कादंबरी, ऑडिओ मालिका, चित्रकथा किंवा पटावरचा खेळ यासाठी जे ग्राहक आमच्याकडून विश्वाची नियमवही करून घेतात, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. पहिल्या बैठकीआधी वाचून आलात तर दोघांचाही वेळ वाचेल. विषय एकच: एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे माणसं जातात कशी. तुमच्या विश्वातला व्यापार, युद्धं, सोयरिकी सगळं यावर उभं राहतं, म्हणून आम्ही इथूनच सुरुवात करतो.

जादूला आमची हरकत नाही. विज्ञान आणि जादू एकत्र नांदणाऱ्या विश्वात भौतिकीचा एखादा नियम मोडणारच. कोणता मोडला, कुठवर मोडला आणि त्याची भरपाई कोण करतं, एवढं आधी लिहून ठेवा. एक नियम मोडलेला वाचक मान्य करतो. तीन मोडले की नायक कितीही संकटात सापडला तरी वाचकाला धाकधूक वाटत नाही, कारण गरज पडली तर चौथाही मोडेल हे त्याने ओळखलेलं असतं.

आधी अंतरं

प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो. वर्षभरात होतात साधारण ९.४६ लाख कोटी किलोमीटर, म्हणजे एक प्रकाशवर्ष. सूर्याला सर्वात जवळचा तारा प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, आणि तो ज्याच्या कुटुंबातला तो नरतुरंग तारकासमूहातला ‘मित्र’ तारा (अल्फा सेंटॉरी) ४.३७ वर. पुढे व्याध ८.६, प्रश्वा ११.५, श्रवण १६.७, अभिजित २५, स्वाती ३७, रोहिणी ६५ आणि चित्रा एकदम २५०.

ही नावं वापरा, छान वाटतात. पण आकाशात शेजारी दिसतात म्हणून नकाशात शेजारी मांडू नका. सप्तर्षींतले मधले पाच तारे साधारण ८० प्रकाशवर्षांवर खरोखरच एका जथ्यात आहेत; टोकाचे दोघे, मरीचि आणि क्रतु, शंभराच्याही पलीकडे आहेत. त्यामुळे ‘सात ऋषींचं अखंड राज्य’ ही लाडकी कल्पना नकाशावर टिकत नाही. उलट श्रवण आणि अभिजित यांच्यात साधारण १५ प्रकाशवर्षांचंच अंतर आहे; व्यापारी मार्गाला ही जोडी उत्तम. आम्ही देतो त्या तक्त्यात म्हणूनच सूर्यापासूनचं अंतर आणि ताऱ्याताऱ्यांमधलं अंतर असे दोन्ही आकडे असतात.

जादू नसेल तर काय होतं

१९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे अंतराळयान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. या वेगाने प्रॉक्झिमाइतकं अंतर कापायला साधारण ७५,००० वर्षं लागतील. इंधन वाढवून भागत नाही. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीच्या १९०३ च्या रॉकेट-सूत्रानुसार, यानाला जितका वेग हवा तो इंजिनातून सुटणाऱ्या वायूच्या वेगाच्या दुप्पट असेल तर निघतानाचं वजन रिकाम्या यानाच्या ७.४ पट लागतं, तिप्पट असेल तर २० पट. रासायनिक इंजिनाचा वायू सेकंदाला फार तर साडेचार किलोमीटरने सुटतो. त्यावर प्रकाशाच्या दहा टक्के वेग गाठायचा तर हे गुणोत्तर एकावर जवळपास २,९०० शून्यं इतकं होतं. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात अणुसंमीलनावर (हलके अणू जोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर) चालणाऱ्या ‘डेडालस’ यानाचा आराखडा केला होता. त्यात ५०,००० टन इंधन लागत होतं आणि तरीही ताऱ्यापाशी पोचल्यावर थांबायची सोय नव्हती.

इंधनाचा प्रश्न जादूने सोडवला आणि बाकी सगळं खरं ठेवलं, तर सर्वात स्वच्छ पर्याय मिळतो. यान पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने निघतं, अर्ध्या वाटेवर तोंड फिरवतं आणि तितक्याच जोराने वेग उतरवत पोचतं. प्रवासभर पायाखाली वजन मिळतं, त्यासाठी यानाची चकती गरगर फिरवत बसावं लागत नाही. प्रकाशाच्या जवळपासच्या वेगात यानावरचा काळ घरच्यापेक्षा हळू सरतो, म्हणून प्रॉक्झिमापर्यंत यानावर साडेतीन वर्षं जातात, घरी पावणेसहा वर्षांहून थोडा जास्त काळ. मध्यावर वेग प्रकाशाच्या ९५ टक्के. अभिजितपर्यंत यानावर साडेसहा, घरी सुमारे २७ वर्षं. जाऊन-येऊन आईपेक्षा मुलगी मोठी, हे कथानक इथे फुकट मिळतं.

यात दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक म्हणजे धूळ: प्रकाशाच्या दहा टक्के वेगाला एक मिलिग्रॅमचा कण सुमारे शंभर किलो टीएनटी स्फोटकाइतक्या जोराने आदळतो. ढाल नसेल तर यानाचा फक्त पुढचा भाग नाही, कथाच संपते. दुसरी म्हणजे हवा: माणसाला दिवसाला ०.८४ किलो प्राणवायू लागतो. शंभर माणसांना साडेतीन वर्षांसाठी सुमारे १०७ टन. तो पुन्हा तयार करणारी बाग किंवा यंत्र कुठे आहे, हे एका ओळीत तरी सांगा.

उडी घेणारं यान

बहुतेक ग्राहकांना हे नको असतं. त्यांना इथे गडप व्हायचं असतं आणि तिथे उगवायचं असतं. चालेल, पण उडीने अंतर मिटतं, वेग मिटत नाही. मित्र आणि सूर्य यांचा एकमेकांच्या तुलनेतला वेग सेकंदाला सुमारे ३२ किलोमीटर आहे. शिवाय पृथ्वी स्वतः सूर्याभोवती ३० किलोमीटरने फिरते. उडी मारून मित्राच्या ग्रहाशेजारी उगवलेलं यान त्या ग्रहाच्या मानाने अजून भन्नाट वेगात असतं. कक्षेतून परतणारं यान ७.८ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतं तेव्हाच त्याची ढाल तापून लाल होते.

यावर उपाय म्हणून ‘जादूने वेगही जुळतो’ असं लिहू नका. चांगला मसाला वाया जातो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हा फरक वर्षातल्या काही आठवड्यांत कमी असतो, काहींत जास्त. म्हणजे तुमच्या विश्वात मुहूर्ताला खरंखुरं कारण मिळालं! चुकीच्या महिन्यात निघणाऱ्याला वेग मारायला जास्त इंधन लागतं, घाईत निघालेल्या पात्राला तेच भोवतं.

दाराने जाणं असेल (एका ग्रहावर चौकट, दुसऱ्यावर चौकट), तर फुकटच्या ऊर्जेचं छिद्र आधी बुजवा. एक दार डोंगरमाथ्यावर, दुसरं पायथ्याशी ठेवलं, पायथ्याच्या दारात पाणी सोडलं की माथ्यावरून धबधबा, खाली पाणचक्की, अखंड वीज. चाणाक्ष वाचक हे पहिल्याच प्रकरणात ओळखतो. साधा नियम: उंचीतल्या फरकाची ऊर्जा दार स्वतःच्या चौकटीतून घेतं, म्हणून चढाचं दार वापरताना गारठतं आणि जास्त वापरलं तर तडकतं.

प्रकाशापेक्षा वेगवान कोणत्याही प्रवासात, सापेक्षतावाद शाबूत असेल तर, निघण्याआधी परत येण्याची वाट उघडते. काळप्रवास हवा असेल तर उत्तम. नको असेल तर ‘सर्व उड्या एकाच घड्याळाने मोजल्या जातात’ असा नियम वहीच्या पहिल्या पानावर घाला. वैश्विक पार्श्वप्रारणाला (महास्फोटानंतर उरलेल्या, सगळ्या आकाशातून येणाऱ्या प्रारणाला) धरून ते घड्याळ ठरवता येतं. कथेत ते सांगायची गरज नाही, लेखकाला माहीत असलं की पुरे.

किंमत: नमुन्याचा नियम

आमच्या नमुना वहीत उडीचं इंधन पारा आहे. धारच्या भोजराजाच्या नावे असलेल्या ११ व्या शतकातल्या वास्तुग्रंथात तापलेल्या पाऱ्यावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचं वर्णन आहे. तो उडाला असं आमचं म्हणणं नाही, पण कल्पनेला बैठक आहे. नियम असा: दर टन वजनाला, प्रकाशवर्षांच्या वर्गाइतके ग्रॅम पारा.

वर्ग मुद्दाम घेतला आहे. २०० टनांचं तारू श्रवणहून अभिजितला एका उडीत गेलं तर १५ चा वर्ग २२५, म्हणजे ४५ किलो पारा. तेच पाच-पाच प्रकाशवर्षांच्या तीन उड्यांत १५ किलो. साहजिकच अधेमध्ये बंदरं वसतात, जकात येते, तांडेलांची वस्ती होते, आणि ज्याला पाठलागाची भीती आहे तोच एका उडीत जातो. खर्च अंतराच्या सरळ प्रमाणात ठेवला तर थांबायचं कारण उरत नाही आणि तुमची मधली सगळी गावं ओस पडतात.

पदार्थ खरा निवडला की बिघाडही खरे मिळतात. ४५ किलो पारा म्हणजे जेमतेम सव्वातीन लिटर, त्यामुळे तस्करी सोपी. तो लोखंडी बाटल्यांतून जातो (जुन्या व्यापारी मापाची बाटली साधारण ३४.५ किलोची), कारण लोखंडाला तो धरत नाही. ॲल्युमिनियमला मात्र पोखरतो, म्हणून सांडलेला पारा तारवाच्या सांगाड्याला घातक. उणे ३९ अंशांना तो गोठतो. सावलीच्या बाजूची नळी गरम ठेवायला विसरलं की उडी अर्ध्यात अडकते. सोन्यात तो मुरतो, त्यामुळे इंजिनघरात शिरलेल्या प्रवासिणीचं मंगळसूत्र पांढरं पडतं. आणि वाफ वर्षानुवर्षं नाकात गेली की हात थरथरतात. बंदरावर चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारा म्हातारा तांडेल जुना जाणता आहे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

बैठकीला येताना

तुमचा नकाशा (हाताने काढलेला चालेल), यानाचं अंदाजे वजन, माणसांची संख्या आणि जिथे प्रवास आहे ती प्रकरणं आणा. घटनांच्या तारखा ठरल्या असतील तर त्याही. घरच्या आणि यानावरच्या वेगवेगळ्या लिहा. मजकुरात प्रवासाला जोडून ‘लगेच’, ‘काही दिवसांत’, ‘तोवर’ असे शब्द आले असतील तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. जास्तीत जास्त काम तिथेच निघतं.