टाकाऊतून गृहसजावट (नाशिक)

वापरातून गेलेल्या, मोडीत वा भंगारात निघालेल्या वस्तू आणि कारखान्यांतले, शिवणकामातले उरलेले तुकडे यांपासून घरासाठी शोभेच्या व वापराच्या वस्तू हाताने तयार करणे. नाशिकमध्ये या कामाचा माल मुख्यतः जुन्या गावठाणातील पडलेले वाडे, तांब्या-पितळेची मोड, सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील खोकी, द्राक्षबागा व वाइनरी आणि घराघरांतल्या जुन्या साड्या यांतून येतो. वस्तू बिघडते ती सहसा रंगरंगोटीत नाही, तर त्याआधी, माल न ओळखल्यामुळे. म्हणून या नोंदीत सजावटीपेक्षा निवड आणि तयारी यांना जास्त जागा दिली आहे.

भांडी बाजार, तांबट लेन आणि रविवार कारंजा परिसरात जुनी भांडी वजनावर मिळतात. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात किरकोळ जुने सामान दिसते. अंबड–सातपूर लिंक रोडवरील भंगार बाजारावर महापालिकेने २०१७ मध्ये मोठी कारवाई केली. तरी औद्योगिक वसाहतींतून निघणारे लाकूड, पत्रा व पाइप भंगार व्यावसायिकांकडे मिळत राहतात.

वाड्याचे लाकूड. तुळया, खांब, कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) फळ्या, चौकटी, महिरपींचे तुकडे यांत सागवान भरपूर असते आणि तेच सर्वांत मोलाचे. तुकडा हातोडीने हलकेच ठोकावा. आवाज बद्द आला तर आत वाळवीने पोखरलेले असण्याचा संभव असतो. बारीक गोल भोके दिसली तर तुकड्याखाली पांढरा कागद अंथरून दोन आठवडे ठेवावा. कागदावर पिठासारखा भुसा पडला तर कीड अजून जिवंत आहे. १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स व ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ते ब्रशने दोनदा पाजावे, कापलेल्या टोकांना अधिक. हे द्रावण जाड तुळईच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही आणि पाण्याने धुऊन जाते. त्यामुळे पोखरलेली जाड तुळई घेऊच नये, आणि असे लाकूड गॅलरीत पावसाच्या झडीत ठेवू नये.

वाडे बहुधा पावसाळ्यात पडतात, म्हणून लाकूड भिजलेले हाती येते. उन्हात टाकले की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला फुगलेलाच राहतो आणि चिरा पडतात. फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून सावलीत, वारा खेळेल अशी थप्पी लावावी. दर आठवड्याला एकाच फळीचे वजन करावे. वजन घटायचे थांबले की लाकूड वाळले. ही साधी कसोटी फार उपयोगी आहे, कारण ओल्या फळीचा आरसा किंवा चौकट पुढच्या उन्हाळ्यात सांध्यावर उघडते.

कापण्याआधी चुंबक फिरवून लपलेले खिळे शोधावेत. एका खिळ्याने करवतीची धार जाते. जुन्या रंगाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे वाड्याच्या दारावरचा रंग शिसेयुक्तच समजून चालावे. तो कोरडा घासू नये आणि आगीने जाळू नये. पाणी मारून ओल्या पॉलिशपेपरने किंवा पट्टीने खरवडावा, चिखल गोळा करून बंद पिशवीत भरावा, मुले व गरोदर स्त्रिया यांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे. कॉस्टिक सोड्याने रंग लवकर सुटतो, पण सागवान काळे पडते आणि सांध्यातला जुना सरसही सुटतो.

रंग निघाल्यावर ८०, १२०, १८० आणि शेवटी २२० नंबरचा पॉलिशपेपर या क्रमाने रेषेच्या दिशेने मारावा. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे फेव्हिकॉलचा सांधा काही महिन्यांनी सुटल्याच्या तक्रारी येतात. चिकटवण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग थिनरने पुसला की हे टळते. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. तेलाची चिंधी गुंडाळून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती उघडी पसरून वाळवावी.

कडीपाटाच्या फळीचा शेल्फ करताना दोन आधारांत ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नसावे. नव्या इमारतींत हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत स्क्रू पकडणारी नेहमीची प्लास्टिकची गिट्टी ओझ्याने उपटते, म्हणून अशा भिंतीसाठी बनवलेली लांब गिट्टी घ्यावी.

कोरीव खांब वा महिरप कापण्याआधी थांबावे. १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि ती परदेशी पाठवण्यास मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी अखंड कोरीवकामाचे तुकडे करून ट्रे बनवणे हे नुकसानच. असा नग आहे तसा भिंतीवर लावावा.

तांबे-पितळ. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. चिंच व मीठ लावून पाच ते दहा मिनिटांत चोळून धुवावे. आम्ल काळा थर विरघळवते, मीठ त्याला जोर देते. भांडे रात्रभर आंबटात बुडवून ठेवले तर पितळेतले जस्त निघून जाते आणि तांबूस डाग उमटतात. ते पुन्हा घासून-पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत. धुतल्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवावे, फडक्याने पुसून उन्हात तापवावे आणि हातमोजे घालून पारदर्शक लॅकरचे दोन पातळ थर मारावेत. उघड्या हाताने धरले तर बोटांचे ठसे लॅकरखाली काळे होत जातात. लॅकर मारलेल्या भांड्यात खाण्याचे काही ठेवू नये, आणि ज्या समईत वात लावायची तिला लॅकर नकोच.

पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब दिव्यासाठी उत्तम, कारण त्याच्या मधोमध धूर जायची नळी वरपासून खालपर्यंत असते. भोक न पाडता त्या नळीतून वायर काढता येते. नळीच्या तोंडात बसेल अशी लाकडी चकती करून तीवर होल्डर बसवावा. ०.७५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची वायर घ्यावी, हिरवी तार बंबाच्या धातूला स्क्रूने घट्ट जोडावी आणि तीन पिनांचा प्लग लावावा. वायर जिथे धातूच्या कडेवरून जाते तिथे रबरी कडे हवेच. कडेने वायरचे आवरण कापले गेले आणि अर्थिंग नसले, तर सबंध बंबात वीज उतरते. ७ ते ९ वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. घंगाळ, परात, हंडा यांवर तांबटाच्या हातोडीचे ठोके स्पष्ट असतील तर त्यांना ड्रिल लावू नये. घंगाळात पाणी व फुले, परात भिंतीला स्टँडवर, एवढे केले तरी ती खुलतात.

खोकी. निर्यातीच्या पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी फळीवर) व खोक्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यावर ‘एचटी’ असेल तर लाकडाचा गाभा किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअसला तापवलेला असतो. असे लाकूड वापरावे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते सोडावे. शिक्का असला तरी तेल वा रसायन सांडल्याचे डाग असलेले खोके घरात आणू नये.

द्राक्षबाग व बाटल्या. एप्रिलच्या खरड छाटणीत निघणाऱ्या काड्या एक-दोन दिवसांतच वळवाव्यात, नंतर त्या मोडतात. त्यांची तोरणे व गोल कडी चांगली होतात. बागा उपटल्यावर मिळणारी वेडीवाकडी खोडे दिव्याच्या बैठकीला शोभतात. बागेत मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण आणि इतर औषधे फवारलेली असतात. त्यामुळे हातमोजे घालून काड्या धुवाव्यात आणि निघालेली साल घरात झटकू नये.

वाइनच्या बाटलीचे लेबल धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात अर्ध्या तासात सुटते, उरलेला डिंक खोबरेल तेल व खाण्याचा सोडा चोळून निघतो. बाटली कापताना काचकापणीने एकच अखंड रेघ ओढावी. दुसऱ्यांदा फिरवली तर तडा रेघ सोडून भलतीकडे जातो. मग आळीपाळीने गरम आणि थंड पाणी ओतावे. फसफसत्या वाइनची बाटली जाड काचेची असल्याने वाकडी फुटते, तिचा नाद सोडावा. कड पाण्याखाली धरूनच घासावी, कारण काचेची कोरडी धूळ फुफ्फुसाला घातक असते.

कापड. जुन्या सुती साड्यांचे तीन ते पाच थर लावून वाकळीसारखा धावदोरा घातला की उशांचे अभ्रे, टेबलावरचे रुमाल होतात. सर्व साड्या आधी धुऊन आकसू द्याव्यात आणि रंग सुटतो का पाहावे. एक न धुतलेला थर आत राहिला तरी पहिल्या धुण्यात सगळे गोळा होते.

पैठणीचे काठ वेगळे हाताळावे लागतात. जुने रेशीम घडीवर तुटते, म्हणून काठाला मागून मऊ सुती कापड लावून हातानेच टाके घालावेत. डिंक रेशमावर पिवळा डाग सोडतो. चौकटीत बसवताना काच कापडाला टेकू नये, मध्ये ५ मिलिमीटरची पट्टी ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात काचेवर दव धरून बुरशी येते. चांदीची जर हवेने काळवंडते. तिला चिंच किंवा पितळेचे पॉलिश कधीही लावू नये. त्याने जर उजळण्याआधी रेशीम जाते.