‘गिफ्ट’ चिलापी आणि शुक्राणूवाटे जनुक घातलेला मासा

सोलापूर जिल्ह्यात उजनी धरणाच्या काठी चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, कोणाला समजावून सांगावी लागत नाही. समजावून सांगावे लागते ते ‘गिफ्ट’ हे नाव. चिलापीच्या या सुधारित वाणाच्या नावाच्या विस्तारात ‘जेनेटिकली इम्प्रूव्हड’ (आनुवंशिकदृष्ट्या सुधारित) असे शब्द आहेत आणि तेवढ्यावरून शेततळ्यासाठी बोटुकली (बोटाएवढी पिले) घेणारेही तिला ‘जनुक टोचलेला मासा’ ठरवून मोकळे होतात. या घोळाचा मला आता मनापासून वीट आला आहे.

गिफ्टची पैदास 1988 मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाली. इजिप्त, घाना, केनिया व सेनेगल येथील रानटी नाईल तिलापिया आणि आशियातील पाळीव वाण यांच्या संकरातून जोमाने वाढणारे नर-मादी निवडत पिढ्या घेतल्या गेल्या. खिलार खोंडाची वंशावळ पाहणाऱ्याला यात नवे काही नाही.

शुक्राणूवाटे जनुक-संक्रमणात, म्हणजे खरोखरच बाहेरचे जनुक घालण्याच्या एका पद्धतीत, मात्र शुक्राणू स्वतःच्या जनुकांखेरीज बाहेरून दिलेला डीएनएचा तुकडाही वाहून नेतो. माशांचे शुक्राणू पाण्यात पडेपर्यंत निश्चल असतात, त्यामुळे नराचे वीर्य काढून ते डीएनएच्या द्रावणात ठेवण्यास, बहुधा विजेचा क्षणिक झटका देऊन तो तुकडा आत शिरवण्यास आणि मगच अंड्यांत मिसळण्यास सवड मिळते. एकेक अंडे सुईने टोचण्याऐवजी हजारो अंडी एका भांड्यात फळतात, हे याचे आकर्षण.

जाणकारही अडखळतात ते पुढे. तुकडा अंड्यात पोहोचला म्हणजे जनुक रुजले, असे नव्हे. तो गुणसूत्रात न बसता काही काळ पेशीत नुसता तरंगू शकतो, किंवा उशिरा बसल्याने पिलाच्या काही पेशींत आढळतो आणि काहींत नाही. म्हणून पिलाच्या पराच्या (पोहण्याच्या पंखाच्या) नमुन्यात तो सापडला, एवढ्यावर यश जाहीर करणे मला उथळ वाटते. तो पुढच्या पिढीत उतरला, तरच संक्रमण. उंदरांवरील असाच दावा 1989 मध्ये गाजला, पण इतर प्रयोगशाळांना तो पडताळता आला नाही.

संप्रेरकयुक्त खाद्याने सर्व पिले नर करणे हा तिसराच विषय आहे: त्याने लिंग बदलते, जनुके नाहीत. गिफ्टला मी तरी ‘निवड पैदाशीची चिलापी’ म्हणतो. बीज विकणाऱ्यांनीही तसेच लिहावे.