जुना पैसा आणि नवा पैसा : आणा चार पैशांचा की सहा पैशांचा?

एकाने ‘एक आणा म्हणजे चार पैसे’ असे म्हणावे, दुसऱ्याने ‘छे, सहा पैसे’ असे ठासून सांगावे, आणि मग दोघांनीही आपापल्या वडिलांची साक्ष काढावी, हा वाद मी लग्नघरांत, कट्ट्यांवर आणि आठवणींच्या लेखांखाली इतक्या वेळा ऐकला-वाचला आहे की आता तो एकदाचा निकाली निघावा असे मनापासून वाटते. दोघेही बरोबर असतात. एक जण जुन्या पैशाविषयी बोलत असतो आणि दुसरा नव्या पैशाविषयी, आणि दोघेही त्याला नुसता ‘पैसा’ म्हणत असतात.

नव्या पैशाविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण आपण आजही तोच वापरतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अमलात आली आणि रुपयाचे शंभर भाग झाले. त्या दिवशी रुपयाची किंमत बदलली नाही, बदलली ती फक्त त्याच्या पोटातील वाटणी. रुपयाचे अवमूल्यन जून १९६६ मध्ये झाले आणि त्याचा या बदलाशी काहीही संबंध नाही. ‘रुपये का सौवाँ भाग’ ही अक्षरे नव्या नाण्यावर मुद्दाम घातलेली होती. सुरुवातीला एक, दोन, पाच आणि दहा नव्या पैशांची नाणी निघाली, तर पन्नासचे नाणे १९६० मध्ये आले.

जुनी वाटणी वेगळ्या तर्काची होती. बारा पै म्हणजे एक आणा आणि सोळा आणे म्हणजे एक रुपया. पैसा या दोहोंच्या मध्ये बसत असे : तीन पैंचा एक पैसा, चार पैशांचा एक आणा, चौसष्ट पैशांचा एक रुपया. सगळी रचना अर्धे, पाव, पाऊण अशी दुमडत जाणारी असल्यामुळे तोंडी हिशोबाला ती फार सोयीची होती. चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार आणे, अधेली म्हणजे आठ आणे. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हणही या हिशोबातच नेमकी बसते, कारण दोन्ही मिळून पुरा रुपया होतो.

खरा घोळ इथून सुरू होतो. जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग आणि नवा पैसा शंभरावा, म्हणजे जुना पैसा नव्यापेक्षा दीडपटीहून थोडा मोठा : १.५६ नवे पैसे. आणा ६.२५ नव्या पैशांचा. त्यामुळे आण्याचे जुने पैसे मोजले तर चार आणि नवे मोजले तर सहा आणि वर पाव. हा पावच त्या काळी दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात कटकटीचे कारण होता. कायद्याने नियम असा घातला होता की अर्धा नवा पैसा किंवा त्याहून कमी असलेला अपूर्णांक सोडून द्यायचा आणि अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण एक धरायचा. म्हणून एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. आता कोणी हॉटेलात एक आण्याचा चहा चार वेळा स्वतंत्रपणे घेतला तर त्याचे चोवीस नवे पैसे गेले, आणि चार मित्रांचा चहा एकदम मागवून एकाने पैसे दिले तर पंचवीस. उलट एका जुन्या पैशाची वस्तू घेताना दोन नवे पैसे मोजावे लागत, पण दोन पैशांची एकदम घेतली तर तीनच. मुलाला लिमलेटच्या गोळीसाठी एक-एक पैसा देणाऱ्या घरात हा फरक लगेच जाणवला असणार.

पोस्टकार्डाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. ‘तीन पैशांचे कार्ड सरकारने एका रात्रीत पाच पैशांचे केले’ हे वाक्य मी अनेक आठवणींत वाचले आहे आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते, कारण लिहिणारा प्रामाणिक असतो आणि त्याची आठवणही खरी असते. कार्ड आधी नऊ पैंना, म्हणजे तीन जुन्या पैशांना मिळत होते. त्याचे नवे पैसे होतात ४.६९, आणि नियमाप्रमाणे पाच. दरवाढ म्हणावी तर ती नव्या पैशाच्या एक तृतीयांशाइतकीही नाही. दोन वेगळ्या मापांना एकच नाव राहिल्यामुळे जवळजवळ सारखी किंमत दुपटीच्या घरात गेल्यासारखी भासते.

‘नवा’ हा शब्द नेमका ही चूक टाळण्यासाठी होता. काही वर्षे जुनी आणि नवी नाणी एकत्र चालली, आणि ‘नवे की जुने?’ हा प्रश्न बाजारात रोज विचारला जाई. पुढे जुनी नाणी चलनातून गेली, आणि १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्दही अधिकृतपणे गळला. व्यवहारासाठी ते योग्यच होते, पण आठवणींसाठी ते नुकसानीचे ठरले, कारण पुढच्या पिढीने ‘पैसा’ एवढाच शब्द ऐकला आणि तो आपल्याच मापाने मोजला.

मग समोरच्या मजकुरातला पैसा कोणता हे ओळखायचे कसे? साल पाहावेच, पण मी त्याहून बोलण्याच्या रीतीवर अधिक भरवसा ठेवतो. जुन्या हिशोबात चार पैसे झाले की आणा होत असे, त्यामुळे माणसे सहसा ‘सहा पैसे’ न म्हणता ‘दीड आणा’ म्हणत आणि ‘दहा पैसे’ न म्हणता ‘अडीच आणे’. १९४२ मधल्या कथानकातील पात्र जेव्हा ‘पन्नास पैसे दे’ असे म्हणते, तेव्हा लेखकाने आपल्या काळातले नाणे त्याच्या हातात ठेवलेले असते. त्या माणसाने ‘आठ आणे’ किंवा ‘अधेली’ म्हटले असते. काळाची वेशभूषा इतकी काटेकोर करणाऱ्यांनी एवढी काळजी भाषेचीही घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेखी हिशोबात वेगळी फसगत होते. आमच्या घरात १९५६ पासूनची जमाखर्चाची वही आहे. तिच्यात एका किराणा बिलापुढे ३-८-६ असे लिहिले आहे, आणि घरातल्या एका तरुणाने ते तीन रुपये शहाऐंशी पैसे असे वाचले. ते आहेत तीन रुपये, आठ आणे, सहा पै, म्हणजे आजच्या लेखनात ३.५३. मधल्या आकड्याच्या जागी पंधरापर्यंतचीच संख्या येते आणि शेवटी अकरापर्यंतची, कारण सोळाव्या आण्याला रुपया होतो आणि बाराव्या पैला आणा. त्याच वहीत जून १९५७ पासून दोनच रकाने उरतात, आणि एप्रिल-मे या दोन महिन्यांत दोन्ही पद्धती शेजारीशेजारी मांडून खाली बारीक अक्षरांत पडताळा केलेला दिसतो.

प्रदेशाचा फरकही थोडक्यात ध्यानात ठेवावा. मराठवाड्यातील जुन्या आठवणींत निजामाचा हाली रुपया येतो, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानातले रुपये) असा भाव असल्यामुळे तिथला आणाही थोडा लहान भरतो. गोव्यात तर १९५७ मध्ये हा बदल झालाच नाही. तेथे डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज चलन होते, म्हणून पणजीच्या १९५८ मधल्या आठवणीत नवे पैसे आले तर ते शंकास्पद समजावे. शेर आणि किलो यांचा बदलही १९५७ चा नाही, तो १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाला.

आण्याचा शब्द मात्र नाण्यापेक्षा चिवट निघाला. महसूल खात्याच्या कागदांत आता पिकांची ‘पैसेवारी’, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले याचा अंदाज, असते आणि पन्नास पैशांच्या आत ती आली की टंचाईची चर्चा सुरू होते, तरी गावात तिला अजूनही आणेवारीच म्हणतात. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, आणि त्या दिवसापर्यंत भाजीवाल्यापासून बँकेच्या खिडकीपर्यंत सगळे त्याला ‘चार आणे’ म्हणत होते, कारण चार, आठ आणि बारा आणे एवढेच काय ते दोन्ही पद्धतींत अपूर्णांकाशिवाय जुळत होते.