जीनोम संशोधन आणि बेळगाव सीमाभागातील शेती

सजीवाच्या पेशीतील संपूर्ण डीएनएला जीनोम म्हणतात. पिकाचा किंवा जनावराचा जीनोम वाचणे, त्यातील कोणत्या जनुकाचा कोणत्या गुणाशी संबंध आहे हे शोधणे आणि त्या माहितीच्या आधारे नवे वाण तयार करणे हे कृषी जीनोमविज्ञानाचे क्षेत्र होय. कर्नाटकातील बेळगाव जिल्हा आणि त्यालगतचा मराठीभाषक सीमाभाग या शास्त्राच्या दृष्टीने लक्ष देण्याजोगा आहे. खानापूरच्या जांभ्या मातीत सह्याद्रीच्या मुसळधार पावसावर भात पिकतो, चिकोडी-रायबाग पट्ट्यात ऊस आणि सोयाबीन, निपाणी परिसरात तंबाखू, सौंदत्ती-बैलहोंगलच्या काळ्या रानात कापूस, तर अथणीच्या पूर्वेकडे पाऊस इतका कमी की शाळूशिवाय गत्यंतर नसते. एकाच जिल्ह्यात इतक्या तऱ्हेची माती आणि हवामान असल्यामुळे एका ठिकाणी उत्तम ठरलेला वाण दुसऱ्या ठिकाणी टिकेलच असे नाही. त्यामुळे येथे वाणांची निवड नेहमीच किचकट राहिली आहे आणि जीनोमविज्ञानाचा खरा उपयोग ही निवड जलद व अचूक करण्यात आहे.

निवडीची पद्धत

पारंपरिक पैदाशीत दोन वाणांचा संकर करून पुढच्या पिढ्यांतील हजारो रोपे शेतात वाढवावी लागतात, रोग येण्याची वाट पाहावी लागते आणि तगलेली झाडे पिढ्यान्‌पिढ्या निवडावी लागतात. त्यात दहा-बारा वर्षे सहज जातात. जीनोमचा क्रम हाती असेल, तर हव्या असलेल्या जनुकाशेजारचा डीएनएचा ओळखीचा तुकडा, म्हणजेच चिन्हक, वापरून कोवळ्या रोपाच्या पानाच्या लहानशा तुकड्यावरूनच ते रोप ठेवायचे की काढून टाकायचे हे ठरवता येते. या पद्धतीला चिन्हक-साहाय्यित निवड म्हणतात. रोगप्रतिकारासारख्या एक-दोन जनुकांवर अवलंबून असलेल्या गुणांसाठी ती उत्तम चालते. उत्पादन किंवा साखरेचा उतारा यांसारखे गुण मात्र शेकडो जनुकांच्या लहान लहान परिणामांतून घडतात. त्यांच्यासाठी २००१ साली मांडली गेलेली जीनोमिक निवड ही पद्धत वापरतात. तिच्यात संपूर्ण जीनोमभर पसरलेल्या हजारो चिन्हकांवरून रोपाच्या किंवा वासराच्या भावी गुणवत्तेचा अंदाज बांधला जातो. पिकाचे स्वतःचेच जनुक नेमक्या जागी बदलणारे जीनोम संपादन २०१२ नंतर प्रचारात आले. दुसऱ्या सजीवाचे जनुक पिकात घालणे ही यांहून वेगळी गोष्ट आहे. सर्वसाधारण चर्चेत या सगळ्यांची सरमिसळ होते आणि त्यातून नको ती भीती व नको त्या अपेक्षा दोन्ही वाढतात.

ऊस

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि हिरण्यकेशी यांच्या काठचे अर्थकारण उसावर उभे आहे. हुक्केरी तालुक्यातील संकेश्वर येथे धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र असून तेथे उसाच्या वाणांवर काम चालते. तरीही सीमाभागातील शेतकऱ्याच्या तोंडी असलेली दोन नावे, ‘८६०३२’ आणि ‘२६५’, अनुक्रमे कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेकडून आणि सातारा जिल्ह्यातील पाडेगावहून आलेली आहेत. वाण राज्याची हद्द पाहत नाही, नदीच्या खोऱ्याने पसरतो. वाणांच्या शिफारशी मात्र राज्यवार होतात. ही विसंगती दूर झाली, तर दोन्ही बाजूंच्या चाचण्यांची माहिती एकत्र वापरता येईल आणि जीनोमिक निवडीला अशा मोठ्या माहितीसंचाचीच गरज असते.

को ८६०३२ या क्रमांकातील ८६ हा आकडा १९८६ या वर्षाचा आहे. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निघालेला हा ऊस लागवडीसाठी मान्यता मिळून रानारानांत पोहोचेपर्यंत दशक उलटून गेले होते. या विलंबाचे मूळ उसाच्या जीनोममध्ये आहे. आजचा लागवडीचा ऊस हा गोड, जाड कांडीचा सॅकॅरम ऑफिसिनारम आणि काटक रानटी सॅकॅरम स्पॉण्टेनियम यांच्या संकरातून जन्मला. या कामाचा पाया कोइमतूर येथे १९१२ साली स्थापन झालेल्या संस्थेत बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी घातला आणि को २०५ हा तेथील पहिला गाजलेला वाण. या मिश्र वंशामुळे उसाच्या पेशीत शंभर ते एकशे तीस गुणसूत्रे असतात आणि एकेका जनुकाच्या अनेक प्रती असतात. भाताचा जीनोम सुमारे ३९ कोटी अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या क्रमातील एककांचा) आहे, तर उसाचा सुमारे १,००० कोटी अक्षरांचा. म्हणूनच भाताचा पूर्ण क्रम २००५ साली प्रसिद्ध झाला, पण आर ५७० या लागवडीच्या ऊसवाणाचा सविस्तर जीनोम मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. त्याच कामातून तपकिरी तांबेरा या बुरशीजन्य रोगाला दीर्घकाळ रोखणाऱ्या, ‘ब्रू १’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेतील जनुकांचा ठावठिकाणा लागला.

उसाच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. त्याची लागण बेण्याने होते, म्हणून एकदा निवडलेले चांगले झाड त्याच गुणांसह लाखो कांड्यांतून वाढवता येते आणि पुढच्या पिढीत गुण विखुरण्याचा धोका राहत नाही. याचीच दुसरी बाजू अशी की मैलोन्‌मैल एकच वाण उभा असला की एखादी कीड किंवा रोग सगळे शिवार एकदम धरतो. २००२ साली लोकरी माव्याने दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात घातलेला धुमाकूळ या भागातील ऊसकरी विसरलेले नाहीत. त्यापूर्वी लवकर पक्व होणारा आणि साखरेत सरस असा कोसी ६७१ लाल कूज रोगाला बळी पडत गेला. निरनिराळ्या वंशांचे वाण एकाच वेळी शेतात ठेवण्यासाठी कोणता वाण कोणाचा नातलग आहे हे माहीत असावे लागते आणि ते डीएनएवरून निःसंदिग्धपणे कळते.

भात

येळ्ळूर आणि बेळगाव शहराभोवतालच्या शिवारांत पिकणारा सुवासिक भात ‘बेळगाव बासमती’ म्हणून प्रसिद्ध आहे. पावसापूर्वी कोरड्या रानात धूळवाफ पेरणी करून घेतले जाणारे जवारी (देशी) भात खानापूरकडे अजूनही आढळतात, त्यांच्या जोडीला इंटाण आणि मावळातून आलेली इंद्रायणीही आहे. तांदळाचा सुवास बहुतेक सुवासिक वाणांत बीएडीएच २ या जनुकातील बिघाडामुळे निर्माण होतो. त्या जनुकातील आठ अक्षरे गळालेली असतात, त्यामुळे ते निकामी होते आणि दाण्यात सुगंधी द्रव्य साठते. हा शोध २००५ सालचा. त्यामुळे कोणतेही रोप भात शिजवून न पाहताच सुवासिक की बिनवासाचे हे ठरवता येते आणि उंच वाढून लोळणाऱ्या जवारी वाणातील सुवास बुटक्या, ताठ वाणात आणण्याचे काम सोपे होते.

भौगोलिक मानांकनानुसार (२०१६) ‘बासमती’ हे नाव हिमालयाच्या पायथ्याकडील उत्तर भारतीय प्रदेशांसाठी राखीव आहे. बेळगावच्या तांदळाला ते वापरता येत नाही. येथील सुवासिक भाताचा डीएनए ठसा घेऊन त्याची वेगळी ओळख सिद्ध करणे आणि त्याला स्वतःच्या गावाच्या नावाने मानांकन मिळवणे हा अधिक रास्त मार्ग आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे काम तातडीचे आहे, कारण शहर वाढत चालले तशी ही शिवारे आक्रसत आहेत आणि जमिनीबरोबर बियाणेही जाते.

कडा करपा या भाताच्या जिवाणूजन्य रोगावर जीनोमविज्ञानाने दिलेले उत्तर अधिक ठोस आहे. २००७ साली आलेल्या सुधारित पुसा बासमती १ मध्ये चिन्हकांच्या साहाय्याने एक्सए १३ आणि एक्सए २१ ही दोन प्रतिकारक जनुके आणली गेली, त्यांपैकी दुसरे मुळात आफ्रिकेतील रानटी भाताचे. पुराबाबतही असेच घडले. ओडिशातील एफआर १३ए या जुन्या भातात सब १ हे जनुक सापडले (२००६) आणि ते स्वर्णा या वाणात आणल्यावर रोप सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरू लागले. २००९ मध्ये स्वर्णा-सब १ भारतात लागवडीसाठी आला. मलप्रभा आणि मार्कंडेय नद्यांच्या काठचा भात पावसाळ्यात पाण्याखाली जातो, तेथे येथील पसंतीच्या वाणांत हे जनुक आणणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जीनोम संपादनातून तयार केलेले देशातील पहिले दोन भातवाण जाहीर केले. डीआरआर धान १०० ऊर्फ कमला हा सांबा मसुरीपासून, तर पुसा डीएसटी राइस १ हा एमटीयू १०१० पासून तयार झाला. कमलाचे पीक मूळ वाणापेक्षा लवकर कापणीला येते आणि अधिक उतरते, असे अधिकृत निवेदनात म्हटले आहे. त्या आकड्यांची पारख बेळगावसारख्या अनेक ठिकाणच्या खुल्या चाचण्यांतच व्हायला हवी.

खपली आणि तांबेरा

सीमाभागाने जगाच्या शेतीला काय दिले असे कोणी विचारले, तर खपली गव्हाकडे बोट दाखवावे. पुरणपोळी आणि गव्हाच्या खिरीसाठी उत्तर कर्नाटक व दक्षिण महाराष्ट्रात आजही आवर्जून पिकवला जाणारा हा गहू दाण्याला घट्ट चिकटलेल्या टरफलामुळे सहज ओळखता येतो. त्यात २८ गुणसूत्रे असतात, तर नेहमीच्या पोळीच्या गव्हात ४२. धारवाड विद्यापीठाने डीडीके मालिकेतील बुटके खपली वाण विकसित केले आहेत.

खोडाच्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन यांनी बारा गव्हांचा जो प्रमाणसंच वापरात आणला, त्यात ‘खपली’ याच नावाने हा गहू होता. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी त्याचा स्थानिक गव्हाशी संकर करून खपस्टीन हा गहू तयार केला. या वंशातून ओळखल्या गेलेल्या प्रतिकारक जनुकांपैकी एसआर १३ हे जनुक २०१७ साली नेमके हाती लागले. युगांडातून पसरलेल्या यूजी ९९ या तांबेऱ्याच्या घातक जातीविरुद्ध ते परिणामकारक ठरते. शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सणासुदीसाठी जपलेल्या गव्हात जगाच्या पिकांना वाचवणारे जनुक होते, याचा येथील प्रत्येक खपली उत्पादकाला अभिमान वाटला पाहिजे.

सोयाबीनवरील तांबेरा मात्र याच भागाचे दुखणे आहे. कृष्णाकाठच्या दमट हवेत तो पानांच्या खालच्या बाजूस बारीक तपकिरी पुळ्यांच्या रूपाने सुरू होतो आणि अनुकूल हवामानात थोड्याच दिवसांत शेंगा भरण्यापूर्वीच पाने गळून रान उघडे पडते. उगार खुर्द हे गाव या रोगाच्या चाचणीचे केंद्र म्हणून संशोधकांना परिचित आहे, कारण तेथे रोग हमखास येतो. तेथे तगलेला वाण इतरत्र तगण्याची शक्यता मोठी असते. डीएसबी २१ हा तांबेराप्रतिकारक वाण धारवाड विद्यापीठाने जेएस ३३५ आणि ईसी २४१७७८ यांच्या संकरातून काढला. सोयाबीनचा जीनोम २०१० साली प्रसिद्ध झाल्यापासून तांबेऱ्याला रोखणाऱ्या आरपीपी जनुकांच्या जागा निश्चित झाल्या असून, दोन-तीन जनुके एकाच वाणात एकत्र आणता येतात. एकच जनुक असले, तर बुरशी काही वर्षांत त्यावर मात करते. यातही चिन्हक उगारसारख्या शिवाराची जागा घेत नाहीत. त्यांच्यामुळे तेथे काय पेरायचे, एवढे आधीच ठरवता येते.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील रताळी आषाढी एकादशी आणि महाशिवरात्रीच्या आधी दूरदूरच्या बाजारांत जातात. या साध्या कंदाने २०१५ साली शास्त्रज्ञांना चकित केले. जगभरातील लागवडीच्या रताळ्यांच्या शेकडो नमुन्यांत मातीतील ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचे डीएनएचे तुकडे आढळले. माणसाने ते घातलेले नव्हते, हजारो वर्षांपूर्वी निसर्गतःच ते रताळ्यात शिरले होते. दुसऱ्या सजीवाचे जनुक पिकात असणे आपोआप घातक ठरत नाही, याचा हा पुरावा आहे. प्रयोगशाळेत घातलेले प्रत्येक जनुक निर्धोक आहे, याचा मात्र नाही.

जनावरे

सांगली संस्थानच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेली कृष्णा खोऱ्यातील गोवंशाची जात बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि पलीकडच्या सांगली-कोल्हापूर भागात आढळते. चिकट काळ्या मातीत नांगर ओढण्यासाठी ती प्रसिद्ध होती, ट्रॅक्टर आल्यावर तिची संख्या घटली. थोड्या जनावरांच्या कळपात जवळच्या नातलगांचा समागम टाळण्यासाठी वंशावळ माहीत असावी लागते आणि ती कागदावर नसली तरी डीएनएत असते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी देशी गायींसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ या जनावराच्या डीएनएतील अनेक चिन्हके एकदम तपासणाऱ्या चिप वाशीम येथे जाहीर झाल्या. पंढरपुरी म्हैस पाळणाऱ्या सीमाभागातील गवळ्यांना वळू आणि रेडा लहानपणीच पारखण्यासाठी त्या उपयोगी पडू शकतात, पण त्यासाठी दूध मोजून त्याची नोंद ठेवण्याची सवय गोठ्यात रुजावी लागेल.

कायदा आणि बियाण्यावरील हक्क

मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने परकीय जनुक शिल्लक न राहणाऱ्या ठरावीक प्रकारच्या जीनोम संपादित पिकांना जनुकीय परिवर्तित पिकांसाठीच्या १९८९ च्या नियमांतील कठोर तरतुदींतून वगळले. जिवाणूचे कीडनाशक जनुक घातलेला बीटी कापूस २००२ पासून सौंदत्ती-बैलहोंगलच्या रानांत आहे, बीटी वांग्यावर मात्र २०१० साली स्थगिती आली. ज्या स्थानिक वांग्यांत हे जनुक घालण्यात आले, त्यांत रायबाग तालुक्यातील ‘कुडची लोकल’ होते. ही वांगी वापरण्यासाठी जैवविविधता कायद्यानुसार (२००२) आवश्यक परवानगी घेतली गेली होती का, हा प्रश्न राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आणि पुढे न्यायालयात गेला. पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने (२००१) शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा व देवाणघेवाणीचा अधिकार दिला आहे आणि त्याच कायद्याखाली गाव किंवा शेतकरी समूह आपला परंपरागत वाण स्वतःच्या नावे नोंदवू शकतो. येळ्ळूरचा भात, कुडचीचे वांगे, संकेश्वरी मिरची आणि घराघरांतील खपली अशा नोंदणीस पात्र असून, त्यासाठी बियाण्याचा नमुना आणि वाणाची वैशिष्ट्ये सादर करावी लागतात.