पणजीचा कार्निव्हल: इंत्रुजापासून चित्ररथांपर्यंत

फेब्रुवारी उजाडला की जळगाव-धुळ्याकडची पुष्कळ मंडळी गोव्याचा बेत आखू लागतात. कार्निव्हलच्या पहिल्या शनिवारी पणजीत निघणारी चित्ररथांची मिरवणूक पोर्तुगीज काळापासून अखंड चालत आली आहे, असा त्यांच्यापैकी अनेकांचा समज असतो. वस्तुतः ही मिरवणूक गोवामुक्तीनंतरची आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली आणि १९६५ मध्ये तिमोतेओ फर्नांडिस राजा मोमो, म्हणजे कार्निव्हलचा लुटुपुटुचा राजा, झाले, तेव्हापासून तिने आजचे रूप धरले. पुढे पर्यटनाने तिला मोठे केले.

त्यामागचा सण मात्र कितीतरी जुना आहे. १५१० मध्ये गोवा जिंकलेल्या पोर्तुगीजांबरोबर तो आला आणि कोकणीत 'इंत्रुज' या नावाने रुजला. राखेच्या बुधवारपासून ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. त्याआधीचे हे खाण्यापिण्याचे आणि एकमेकांवर पीठ, रंगीत पाणी उडवण्याचे मोकळे दिवस. या सणाचा खरा जीव, मला वाटते, गावांत आहे: दक्षिण गोव्यातील सासष्टीत अंगणाअंगणांतून रंगणारी 'खेळ' नावाची लोकनाट्ये, ज्यांतून पुढे खेळ-तियात्र हा कोकणी नाट्यप्रकार उभा राहिला, किंवा कदंबांची एके काळची राजधानी असलेल्या चांदोरातील मुसळ खेळ, ज्यात ख्रिस्ती पुरुष हाती मुसळ घेऊन नाचतात. धर्मांतरानंतरही जुनी नाती आणि जुने ताल लोकांनी कसे जपले, हे या नाचात दिसते. पणजीच्या रस्त्यावर उभा असलेला पाहुणा यातले काहीच पाहत नाही. उपवासाशी नाते तुटलेल्या या बाजारी थाटावर गोव्यातील चर्चनेही आक्षेप घेतले आहेत.

खान्देशाला हे सहज कळावे. होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगाव, अक्कलकुवा, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यात भोंगऱ्या बाजार भरतो, ढोल वाजतात, होळीसाठी गूळ, डाळ्या, फुटाणे घेतले जातात. पण बाहेरच्यांनी त्याला मुलामुलींनी पळून जाऊन लग्न करण्याचा बाजार ठरवून टाकले. हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे, असे पावरा-भिल्ल समाजातील जाणती माणसे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत.

दोन्ही सणांची तारीख चंद्रच ठरवतो. भोंगऱ्या फाल्गुनी पौर्णिमेच्या अलीकडे येतो; कार्निव्हल ईस्टरवरून मागे मोजला जात असल्याने बहुधा अमावास्येच्या आसपास पडतो.