लाँच करणाऱ्याला प्रमोशन, कचरा काढणाऱ्याला काय?

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या कोणालाही विचारा, ज्याला हात लावायला सगळे घाबरतात असा कोड त्यांच्याकडे असतोच. बाहेरच्यांना वाटतं एवढी हुशार माणसं, एवढे पगार, मग हे असं का? आळस नाही हो, हिशोबच तसा आहे.

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने 1992 मध्ये अशा कोडला कर्ज म्हटलं, म्हणजे घाईत कोड लिहून पुढे गेलात तर नंतर तो नीट करून कर्ज फेडा, नाहीतर पुढच्या प्रत्येक बदलात व्याज जाणार. पण मोठ्या कंपनीत कर्ज काढतो एक आणि फेडतो भलताच, कारण लाँच झालं, प्रमोशन मिळालं की माणूस दुसऱ्या टीममध्ये जातो आणि व्याज सुरू होतं तेव्हा तिथे कोणीतरी नवीन बसलेला असतो.

गूगलमध्ये कित्येक वर्षं पद्धत अशी होती की इंजिनियरने स्वतःच्या कामाचं पॅकेट, म्हणजे काय काय केलं त्याची लेखी मांडणी, लिहायचं आणि त्याच्यासोबत रोज काम न करणारी कमिटी ते वाचून प्रमोशन ठरवणार. आता त्यात ‘नवी सिस्टीम बांधली, चार टीम वापरतात’ हे झकास दिसतं. ‘जुना कोड काढून टाकला, काहीच बिघडलं नाही’ हे कसं मांडणार? न घडलेल्या बिघाडाचा आकडा कुठून आणणार?

बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये हेच गणिताने मांडलं होतं: माणसाला दोन कामं असतील, एक मोजता येतं आणि एक येत नाही, तर मोजता येणाऱ्यावर जितकं मोठं बक्षीस लावाल तितकी मेहनत दुसऱ्यावरून निघून जाते. माणूस प्रामाणिक असला तरी त्याचा दिवस तेवढाच असतो ना.

आणि न काढलेला कोड काय करू शकतो ते नाइट कॅपिटल या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीत दिसलं. त्यांच्या सर्व्हरवर 2003 पासून वापरात नसलेलं पॉवर पेग नावाचं फंक्शन तसंच पडून होतं. 2012 मध्ये नव्या कामासाठी त्याचाच जुना फ्लॅग, म्हणजे ते फंक्शन चालू करणारी खूण, परत वापरला, आठपैकी एका सर्व्हरवर नवीन कोड टाकायचा राहिला, आणि 1 ऑगस्टला सकाळी बाजार उघडल्यावर त्या सर्व्हरवर मेलेला कोड जिवंत होऊन धडाधड ऑर्डरी टाकायला लागला. सुमारे 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरहून जास्त नुकसान! हे फंक्शन डिलीट करणं म्हणजे अगदी तसलंच काम, जे नीट झालं तर कोणाला कळतही नाही.

होल्मस्ट्रॉम-मिलग्रॉम यांचं उत्तर मात्र मॅनेजर लोकांना आवडणारं नाही. महत्त्वाचं काम मोजता येत नसेल तर मोजता येणाऱ्यावरचं बक्षीस कमी करा, वेळप्रसंगी सरळ ठरलेला पगार द्या. मला तर वाटतं लाँचनंतर दोन वर्षं ती सिस्टीम कोणाला किती त्रास देते हे बघूनच प्रमोशनचा मोठा भाग ठरावा, आणि त्यासाठी ती सांभाळणाऱ्या ऑन-कॉल टीमला, म्हणजे बिघाड झाला की रात्री-अपरात्री धावणाऱ्यांना, आधी विचारावं.