"पुरावा दाखवा" हे भांडण कधीपासूनचं आहे?

नागपुरात मेडिकल चौकापासून बैद्यनाथ चौक काही लांब नाही, त्यामुळे एका पिशवीत मेडिकलची चिठ्ठी न दुसऱ्या पिशवीत काढ्याची बाटली हे इकडे कोणाला नवीन नाही. आणि मग घरात कोणीतरी म्हणतंच की पुरावा-बिरावा हे सगळं ॲलोपॅथीवाल्यांचं नाटक आहे भाऊ, आपल्या औषधाला कशाला पाहिजे. पण मागे जाऊन पाह्यलं तर औषध तपासायच्या आजच्या पद्धतीतला बराच भाग अशाच वेगळ्या उपचारांवरच्या भांडणातून आलेला आहे.

1784, पॅरिस. मेस्मर नावाचा डॉक्टर अदृश्य चुंबकशक्तीने रोग बरे करतो म्हणून लोकं त्याच्यापायी वेडे झाले होते, शेवटी राजानं समिती बसवली, त्यात अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता. मेस्मरच्या चेल्यानं फ्रँकलिनच्या बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडात "शक्ती" भरली आणि 12 वर्षांच्या एका पोराला डोळ्याला पट्टी बांधून झाडाझाडापाशी फिरवलं. पोरगं चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडलं. आता शक्तीवालं झाड भलतंच होतं, म्हणजे पोरगं खोटं बोलत होतं असं नाही, त्याला खरंच चक्कर आली, फक्त ती झाडामुळे नव्हती.

तेव्हाची ॲलोपॅथीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती, शिरा कापून रक्त काढायचे, पारा पाजायचे. हानेमान नावाच्या जर्मन डॉक्टरनं होमिओपॅथी काढली ती याच्याच विरोधात, आणि त्याच्या औषधानं निदान पेशंट मरत तरी नव्हता! 1835 मध्ये जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला होमिओपॅथी खरंच काम करते का यावरून जोरात वाद झाला, मग 100 कुप्या नंबर टाकून चांगल्या मिसळल्या, अर्ध्यांत बर्फाचं शुद्ध पाणी, अर्ध्यांत मीठ 30 वेळा पातळ करून केलेलं होमिओपॅथीचं औषध, आणि कोणाला काय मिळालं हे ना देणाऱ्याला माहीत ना घेणाऱ्याला. 50 जणांनी रिपोर्ट दिला, 42 जणांना काहीच वाटलं नाही, उरलेल्या 8 पैकी 5 मीठवाले आणि 3 नुसतं पाणी प्यालेले. आजचं डबल ब्लाइंड म्हणतात ते हेच, आणि ॲलोपॅथीत चिठ्ठ्या टाकून केलेली गाजलेली स्ट्रेप्टोमायसिन या टीबीच्या औषधाची ट्रायल आली 1948 ला, शंभरावर वर्षांनी.

आपल्याकडची गोष्ट मात्र नुसती फेल-फेलची नाही. सर्पगंधा या वनस्पतीचं पाहा, बीपीवर तिचा उपयोग होतो हे मुंबईच्या डॉक्टर रुस्तम वकिलांनी 1949 ला ब्रिटिश जर्नलमध्ये छापलं, 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन नावाचं औषधी द्रव्य वेगळं काढलं आणि ते जगभर वापरलं गेलं. गुग्गुळाचं नेमकं उलटं झालं. बनारसच्या संशोधक सत्यवतींनी 1966 च्या थिसिसमध्ये जुन्या ग्रंथातलं मेदाचं वर्णन धरून सशांवर प्रयोग केले, रिझल्ट चांगले आले, पुढे कोलेस्टेरॉलसाठी औषध बाजारात आलं. पण 2003 ला अमेरिकेत 103 लोकांवर आठ आठवडे ट्रायल झाली त्यात खराब कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलंच, काहींना अंगावर पुरळही उठलं. यात ग्रंथ खोटा ठरला का, तर माझ्या मते नाही, ग्रंथात एलडीएल नव्हतंच, मेद म्हणजे कोलेस्टेरॉल हे जोडकाम आपण नंतर केलं.

मग आपल्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीचं काय? कायद्यानं मान्य केलेल्या जुन्या ग्रंथांतलं औषध त्याच पाठानं म्हणजे कृतीनं, त्याच आजारासाठी बनवलं तर लायसन्सला नवीन ट्रायल लागत नाही, ग्रंथातला आधार चालतो. म्हणजे लेबलवर "शास्त्रोक्त" वाचलं की पाठ ग्रंथातला आहे एवढंच समजायचं, माणसांवर तपासलंय असा त्याचा अर्थ होत नाही. ट्रायल झालीच असेल तर सीटीआरआय नावाचं सरकारी रजिस्टर 2007 पासून सुरू आहे, आयुर्वेद-होमिओपॅथीच्या ट्रायलीही त्यात नोंदवतात, आणि ते मोबाईलवर फुकट पाहता येतं.